एक मूठ हलकी

माझी मुलगी ३१ व्या आठवड्यात जन्मली. वजन १४०० ग्रॅम. पहिले तीन दिवस मी तिला फक्त काचेतून पाहिलं. चौथ्या रात्री ड्यूटीवरच्या सिस्टरनी मला पुन्हा एकदा कोपरापर्यंत हात धुवायला लावले, इनक्युबेटरची गोल खिडकी उघडून दिली आणि म्हणाल्या, "हात नुसता ठेवा, चोळू नका. आणि बोला तिच्याशी. नाहीतर गा. पण हळू."

बोलायला काही सुचेना. लहानपणापासून ऐकलेली सगळी गाणी त्या क्षणी डोक्यातून पुसली गेली होती. माझ्या तळहाताखाली तिचं डोकं आणि पाठीचा निम्मा भाग मावत होता. त्या वेळी तोंडातून जे निघालं ते असं:

डुलू डुलू डुलकी,
पापणीची पालखी,
पालखीला कोण गं?
एक मूठ हलकी.

चाल म्हणाल तर चार सुरांचं खालीवर जाणं, बस्स. आज तिला साडेतीन वर्षं झाली आणि हे गाणं मी जवळजवळ रोज म्हणत आलेय. मी म्हणते ते तेच आहे, पण ती जे ऐकते ते दर काही महिन्यांनी बदलत गेलं. तिच्या मेंदूत या चार ओळींचं नेमकं काय होतं, हे शोधायचा मला नादच लागला. मिळेल तो शोधनिबंध वाचत गेले, तिच्याकडे बघत गेले, वहीत लिहीत गेले. (खाली तिचं वय सांगते ते करेक्टेड, म्हणजे ती ज्या तारखेला यायला हवी होती तिथून मोजलेलं. मुदतीआधी जन्मलेल्या मुलांच्या आयांना हा हिशेब पाठ असतो.)

पोटातलं बाळ साधारण २५ व्या आठवड्याच्या आसपास आवाजाला प्रतिसाद द्यायला लागतं. आत शांतता नसते. आईच्या रक्ताचा प्रवाह, हृदयाचे ठोके, आतड्यांची गुरगुर, आणि या सगळ्यावर तरंगणारा तिचा आवाज. बाहेरचे उंच, टोकदार आवाज आत येईपर्यंत बोथट होतात, खर्जातले बऱ्यापैकी पोहोचतात. बंद दारापलीकडच्या खोलीत कुणी बोलत असलं की शब्द कळत नाहीत, पण रागावून बोलतंय की लाडाने हे कळतं ना, तसंच काहीसं. शब्द गळून जातात. उरतो तो आवाजाचा चढउतार आणि लय. म्हणजे भाषा बाळापर्यंत पहिल्यांदा पोहोचते ती गाण्याच्या रूपात.

आणि हे ऐकलेलं वाया जात नाही. हेलसिंकीत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही गर्भवतींनी शेवटच्या तीन महिन्यांत एक साधी बालगीताची चाल आठवड्यातून पाच दिवस लावली. जन्मानंतर त्या बाळांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून तीच चाल ऐकवली. ज्यांनी ती पोटात ऐकली होती, त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद इतर बाळांपेक्षा ठळक होता. आणि पोटात जितक्या जास्त वेळा ऐकली, तितका जास्त ठळक. मधल्या काळात चाल मुद्दाम वाजवली नव्हती, तरी चार महिन्यांनंतरही हा फरक टिकून होता.

हे वाचताना मला रडू आलं. कारण माझ्या मुलीचे ते शेवटचे नऊ आठवडे माझ्या पोटात गेलेच नाहीत. ते गेले मॉनिटरच्या टुणटुणीत, दारांच्या आवाजात, शेजारच्या बाळाच्या यंत्राच्या अलार्ममध्ये. नवजात अतिदक्षता विभागात आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, अशी शिफारस अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ मध्येच केली होती. ४५ डेसिबल म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यापेक्षाही हळू. एक झाकण जोरात बंद झालं की ती मर्यादा ओलांडली जाते. सिस्टर "हळू" का म्हणाल्या, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्यांनी गायला सांगितलं, त्यामागेही आधार होता. ११ रुग्णालयांतल्या २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आईवडिलांनी आपल्या आवडीचं, आपल्या घरचं वाटेल असं गाणं निवडायचं आणि ते अंगाईच्या संथ लयीत बाळापाशी प्रत्यक्ष म्हणायचं, अशी रीत होती. बाळांच्या हृदयाची गती, झोप, दूध ओढण्याची पद्धत यांत फरक दिसला. आणखी एक गोष्ट मोजली होती, जी मला फार मोलाची वाटते: गाणाऱ्या आईबापांचा ताण. तो कमी झाला होता. मी त्या खिडकीपाशी उभी राहून गायचे तेव्हा मॉनिटरवरचा तिचा आकडा खाली येतोय की नाही हे डोळ्यांत तेल घालून बघायचे. माझा स्वतःचा श्वास लांब होत होता, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

जिनिव्हामध्ये पेत्रा ह्यूपी यांच्या गटाने याच्या पुढचं पाऊल टाकलं. आंद्रेआस फोलेनवायडर या संगीतकाराकडून त्यांनी अशा बाळांसाठी खास आठ आठ मिनिटांच्या रचना करून घेतल्या. उठताना एक, जागेपणी एक, झोपताना एक. कुठल्या वाद्याला बाळं प्रतिसाद देतात हे आधी पाहिलं, आणि सगळ्यांत जास्त प्रतिसाद मिळाला तो पुंगीला! खूप अस्वस्थ असलेली बाळंही पुंगी ऐकून शांत व्हायची. शेवटी रचनांमध्ये हार्प, घंट्या आणि पुंगी अशी वाद्यं आली. २०१९ मध्ये त्यांनी जे स्कॅन प्रसिद्ध केले त्यांत संगीत ऐकलेल्या बाळांच्या मेंदूतली काही जाळी, विशेषतः 'यातलं लक्ष देण्याजोगं काय' हे ठरवणारं जाळं, पूर्ण दिवसांच्या बाळांच्या मेंदूशी जास्त मिळतंजुळतं दिसलं. अभ्यासातली बाळं थोडी होती, त्यामुळे मी त्याकडे आशेने बघते, हमी म्हणून नाही.

घरी सोडण्याआधी तिची बेरा, म्हणजे ऐकू येतं की नाही याची, तपासणी झाली. कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड, कानात बारीक टिकटिक, आणि ती गाढ झोपलेली. तंत्रज्ञ ताईंनी पडद्यावरची लाट दाखवली: "ही बघा, कानाकडून मेंदूकडे निरोप चाललाय." बाळ झोपेत असतानाही मेंदू ऐकत असतो आणि ते आपल्याला बाहेरून बघता येतं, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून पुढचा प्रयोग वाचला तेव्हा तो मला अगदी समोर घडल्यासारखा वाटला.

२००९ चा प्रयोग आहे. बुडापेस्टचे इश्तवान विंक्लर आणि अ‍ॅमस्टरडॅमचे हेन्क्यान होनिंग यांच्या गटाने दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला. एकच ठेका पुन्हा पुन्हा, मधूनच एखादा ठोका गाळलेला. बिनमहत्त्वाचा ठोका गाळला तर बाळाच्या मेंदूला काही वाटत नव्हतं. पण समेवरचा ठोका गाळला की लगेच लाट उसळायची. काहीतरी चुकलं! म्हणजे सम येणार आहे हे तो मेंदू आधीच धरून बसला होता. दोन दिवसांचा मेंदू. झोपेत.

यावर रास्त शंका अशी होती की बाळाला ताल कळत नसेल, कुठल्या आवाजानंतर कुठला येतो एवढाच क्रम ते शिकत असेल. २०२४ मध्ये त्याच गटाने २७ नवजात बाळांवर पुन्हा प्रयोग केला. आवाजांचा क्रम तोच ठेवला, पण ठोक्यांमधलं अंतर कमीजास्त केलं. लय मोडली, आणि समेचा तो खास प्रतिसादही नाहीसा झाला. मला हा प्रयोग पहिल्यापेक्षाही आवडतो. स्वतःच्याच निष्कर्षाला पंधरा वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसवणं सोपं नसतं.

घरी आल्यावर तिला झोपवायच्या दोन पद्धती तयार झाल्या. आमच्या गाण्याच्या प्रत्येक ओळीत सात अक्षरं आहेत. हे मी ठरवून केलेलं नाही. डुलू, डुलू, डुलकी: दोन, दोन, तीन. मी ते सातातच म्हणते आणि सातातच थोपटते. तिच्या बाबाला मात्र सात अडखळल्यासारखे वाटतात, त्यामुळे तो शेवटचं 'की' लांबवून आठवी मात्रा पदरची घालतो आणि खांद्यावर घेऊन एकसारख्या चार चार पावलांत फेऱ्या मारतो. मला वाटायचं, दोघांपैकी एकाने तरी जमवून घ्यायला हवं, नाहीतर पोरीचा गोंधळ होईल. झाला नाही. सहा महिन्यांची असताना माझ्या मांडीवर ती माझ्यासारखी डुलायची आणि त्याच्या खांद्यावर त्याच्यासारखी.

डुलणं हे ऐकण्याचाच भाग आहे, हे मला कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांच्या २००५ च्या कामामुळे कळलं. त्यांनी सात महिन्यांच्या बाळांना सहा मात्रांचा एक सपाट ठेका ऐकवला, कुठेच जोर नसलेला. सहाचे दोन दोनचे गट पाडता येतात, तीन तीनचेही. निम्म्या बाळांना दर दुसऱ्या मात्रेला उचलून झुलवलं, निम्म्यांना दर तिसऱ्या. नंतर बाळांपुढे जोर दिलेले दोन ठेके ठेवले, आणि ज्याला आपलं अंग हललं होतं तोच ठेका बाळं जास्त वेळ ऐकत राहिली. डोळे बांधून झुलवलं तरी तेच. पण बाळाला न हलवता, दुसऱ्या कुणाला हलताना नुसतं पाहू दिलं, तेव्हा काहीच झालं नाही.

कानाच्या आत ऐकण्याचं इंद्रिय आणि तोल सांभाळणारं इंद्रिय एकमेकांना चिकटून, एकाच द्रवात असतात. लय कानाने ऐकायची आणि अंगाने ताल धरायचा, अशी जी विभागणी आपण करतो ती लहान मुलाच्या मेंदूत नाही. झुलवताना आपण बाळाला ताल शिकवतच असतो. थोपटणारा हात हा त्या गाण्यातला ठेका असतो, त्याला सोबत म्हणणं कमीच.

आणि आता ते सात आणि आठ. बल्गेरिया, मॅसिडोनिया या भागांतल्या लोकसंगीतात दोन आणि तीनचे असमान गट सर्रास असतात. आपल्याकडच्या रूपक तालाचे सात तसेच. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ मध्ये दाखवलं की उत्तर अमेरिकेतल्या प्रौढांना अशा असमान चालीतली चूक पकडता येत नाही, समान चालीतली लगेच येते. बल्गेरियन आणि मॅसिडोनियन प्रौढांना दोन्ही येतात. आणि उत्तर अमेरिकेतल्याच सहा महिन्यांच्या बाळांना? त्यांनाही दोन्ही येतात. वर्षाच्या बाळाला मात्र येईनासं होतं. तोवर त्याचा मेंदू घरच्या चालीचा झालेला असतो. पण वर्षाच्या बाळाला दोन आठवडे, रोज दोनदा दहा दहा मिनिटं असमान चालीचं संगीत ऐकवलं की ते पुन्हा पकडू लागतं. प्रौढांना तेवढ्याने साधत नाही.

मी हे तिच्या बाबाला वाचून दाखवलं आणि आमच्यातला वाद मिटला. दोघांनी आपापल्या पद्धतीने गायचं.

सुरांचंही असंच. जावा बेटावरच्या स्वरसप्तकात बांधलेली चाल आणि पाश्चात्त्य सप्तकातली चाल, दोन्हींतला बेसूरपणा सहा महिन्यांची अमेरिकन बाळं सारख्याच कौशल्याने ओळखतात. त्यांच्या आईवडिलांच्या वयाची माणसं आपल्या सप्तकातला जास्त चांगला ओळखतात. १९९० चं हे काम. ट्रेनर आणि ट्रेहब यांनी १९९२ मध्ये त्याहून गमतीचं काहीतरी पाहिलं. चालीतला एक सूर बदलला, पण बदललेला सूरही त्याच सप्तकात बसणारा असला, तर मोठ्यांच्या तो सहज ध्यानात येत नाही. आठ महिन्यांच्या बाळाच्या येतो. मोठ्या माणसाचा मेंदू म्हणतो, बसतंय ना, मग चालेल. बाळाला अजून 'बसतंय' म्हणजे काय ते ठाऊकच नाही, म्हणून ते जे आहे तेच ऐकतं.

शिकणं म्हणजे भर पडत जाणं, असं मी आयुष्यभर धरून चालले होते. इथे शिकणं म्हणजे पाखडणं आहे. मेंदूच्या श्रवणभागात चेतापेशींचे जोड सगळ्यांत दाट असतात ते वयाच्या तीन महिन्यांच्या सुमारास. पुढे जे वापरात राहतात ते पक्के होतात, उरलेले हळूहळू खुडले जातात. यात हळहळण्यासारखं काही नाही. सगळंच सारखं ऐकू येत राहिलं तर आपलं गाणं, आपली भाषा ओळखायची कशी? पण म्हणून पहिल्या वर्षात मुलाच्या कानावर वेगवेगळं पडावं, असं मला मनापासून वाटतं. ते अवघड आहे म्हणून त्याला कळणार नाही, हे आपण परस्पर ठरवू नये. त्या वयात त्याच्यासाठी अवघड असं काही नसतं.

आता सर्दीची गोष्ट.

ती दहा महिन्यांची असताना माझा घसा बसला. रात्री गाणं म्हणायला घेतलं तर नेहमीच्या पट्टीत आवाज फुटेना, बरंच खाली उतरून म्हणावं लागलं. दुसऱ्या ओळीला तिने दूध सोडलं. वर बघितलं. खालचा ओठ बाहेर आला आणि ती रडायला लागली. मी थांबले, पुन्हा म्हटलं, पुन्हा रडणं. सलग तीन रात्री हे झालं. दातही येत होते, माझ्या तोंडाला औषधाचा वास असेल, घोगरा आवाज परका वाटला असेल. नेमकं कारण एकच होतं असं मी म्हणणार नाही. पण मला खटकलं ते हे की दिवसा त्याच घोगऱ्या आवाजात मी बोलायचे तेव्हा ती खुशाल हसायची.

मी फोनमधली जुनी रेकॉर्डिंग शोधली. वेगवेगळ्या महिन्यांतली सहा सापडली. सूर मोजणारं अ‍ॅप लावून बघितलं. सहाही वेळा माझा सुरुवातीचा सूर जवळपास एकच होता. मी गाणं शिकलेली नाही, तंबोरा नाही, पेटी नाही, तरीही. मग ट्रेहब आणि बर्जेसन यांचा २००२ चा निबंध हाती लागला: आया एकच गाणं वेगवेगळ्या दिवशी बाळासाठी म्हणतात तेव्हा पट्टीत अर्ध्या सुराचाही फरक पडत नाही, आणि लय तर हलतच नाही म्हटलं तरी चालेल. आया बाळापाशी बोलतानाच्या सुरांत मात्र असा पक्केपणा नसतो. बोलणं रोज नवं, गाणं रोज तेच.

बाळाच्या बाजूनेही पुरावा आहे. जेनी सॅफ्रन यांनी २००१ मध्ये पाहिलं की सुरांच्या लांबलचक रांगेतून आठ महिन्यांची बाळं नेमका सूर लक्षात ठेवतात, तर मोठी माणसं दोन सुरांतलं अंतर. आणखी एका प्रयोगात सहा-सात महिन्यांच्या बाळांना दोन आठवडे घरी एक अंगाई ऐकवली. नंतर तीच अंगाई दुसऱ्या पट्टीत लावली तेव्हा बाळांना ती वेगळी आहे हे कळलं. दुसरीकडे, पट्टी बदलली तरी चाल तीच आहे हे पाच महिन्यांच्या बाळालाही उमगतं, असं ट्रेहब यांच्याच प्रयोगशाळेतून १९७७ मध्ये पुढे आलं होतं. दोन्ही खरं आहे. बाळाच्या मेंदूत दोन्ही सोयी असतात, आणि वाढताना आपण बहुतेक जण अंतरावर विसंबतो, कारण माणसं वेगवेगळ्या आवाजांत एकच गोष्ट सांगत असतात आणि ती एकच आहे हे कळणं जास्त गरजेचं असतं. माझ्या मुलीच्या लेखी मात्र त्या रात्री गाणं म्हणजे चाल, पट्टी, माझा आवाज आणि माझं थोपटणं हे सगळं मिळून एक होतं. त्यातलं एक हललं तर तिने का मानावं?

याच काळात नात्यातल्या एका काकांनी 'बाळाची बुद्धी वाढवणारं' मोत्सार्टचं संगीत पाठवलं. पाठवण्यामागे माया होती, म्हणून त्यांना मी फोनवर नीट सांगितलं, तेच इथे थोडक्यात. ही समजूत ज्यावरून पसरली तो १९९३ चा मूळ प्रयोग ३६ कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता, त्यात बाळ एकही नव्हतं. दहा मिनिटं संगीत ऐकल्यावर कागदाच्या घड्या मनात उलगडण्यासारख्या कोड्यांत थोडी प्रगती दिसली, आणि ती दहा-पंधरा मिनिटांत ओसरली. पुढच्या अभ्यासांत दिसलं की आवडीचं, उत्साही काहीही ऐकलं तरी तसंच होतं. संगीताच्या वर्गाने लहान मुलांची बुद्धी वाढते का, हे २०१३ मध्ये दोन चाचण्यांत चिठ्ठ्या टाकून गट पाडून तपासलं गेलं. भरवशाचा फायदा दिसला नाही. मला तर तो प्रश्नच बाळावर अन्याय करणारा वाटतो. काचेपलीकडच्या १४०० ग्रॅमच्या जिवासाठी गाताना कुणी तिच्या शाळेतल्या मार्कांचा विचार करत नसतं.

गाणं काय करतं, ते मोजलं गेलंय. माँट्रियालमध्ये २०१६ साली सात ते दहा महिन्यांच्या बाळांना एकट्याने बसवून, त्यांनी कधी न ऐकलेल्या तुर्की भाषेतली गाणी ऐकवली. आईवडील नजरेआड, समोर खेळणं नाही. बाळं सरासरी नऊ मिनिटं शांत राहिली. लाडाने बोललेलं ऐकवलं तर चार मिनिटांच्या आसपास. अनोळखी भाषा, रेकॉर्ड केलेला आवाज, आणि तरीही नऊ मिनिटं. ज्याने रडणारं बाळ खांद्यावर घेऊन रात्र काढलीय, त्याला त्या जास्तीच्या पाच मिनिटांची किंमत कळेल.

चौदा महिन्यांची झाली तेव्हा तिला माझ्यासमोर धरून, मी नाचेन तसं बाबा तिला नाचवणार, असा खेळ सुरू झाला. त्या वयाच्या मुलांवर ट्रेनर यांच्याच प्रयोगशाळेत २०१४ मध्ये असाच प्रयोग झाला होता. समोरची ताई मुलाच्या लयीत डुलली असेल तर नंतर तिच्या हातून 'चुकून' पडलेली वस्तू मूल उचलून देण्याची शक्यता जास्त. लय मोडून डुलली असेल तर कमी. मी घरी करून बघितलं नाही. तिच्यावर प्रयोग करावासा वाटला नाही. पण मी वाकून भांडं उचलायच्या आत चमचा माझ्या हातात येतो, हे त्या महिन्यांत वहीत चार वेळा लिहिलेलं सापडतं.

दोन वर्षांची झाल्यावर 'पुन्हा' सुरू झालं. पुन्हा. आई, पुन्हा. एका दुपारी मी मोजलं, सतरा वेळा. कंटाळा आला तेव्हा मी फोनवर माझंच रेकॉर्डिंग लावलं. तिने ते एकदा ऐकलं, फोन उलटा करून ठेवला आणि माझ्या हनुवटीला हात लावला. जर्मनीत किर्शनर आणि टोमासेलो यांनी २००९ मध्ये अडीच वर्षांच्या मुलांना ढोलकं वाजवायला दिलं होतं; समोर माणूस वाजवत असेल तर मुलं त्याच्या लयीला जास्त चांगली धरून राहिली, यंत्र वाजवत असेल तेव्हा तितकी नाही. अडीच वर्षांच्या मुलाची स्वतःची लय आपल्यापेक्षा जलद असते, ती आवरून दुसऱ्याच्या लयीत बसणं कष्टाचं असतं, आणि ते कष्ट मूल यंत्रासाठी घेत नाही. सतरा वेळा म्हणताना पहिल्या पाच-सहा वेळा ती माझ्या पुढे पळायची. शेवटी शेवटी आमची 'हलकी' एकत्र पडायची. मला जो कंटाळा वाटत होता तो तिचा सराव होता.

तिसऱ्या वर्षात मी तिला एक उदास धून ऐकवली, जी ऐकून माझे डोळे भरतात. ती टाळ्या वाजवत नाचली. मला जरा लागलंच. मग कळलं की चाल आनंदाची की दुःखाची हे मुलं साधारण पाचव्या वर्षी ओळखतात आणि तेही आधी वेगावरून. सुरांच्या रंगावरून ओळखायला सहा-सात उजाडतं. तीन-चार वर्षांच्या मुलांना चालीतलं दुःख अजून वेगळं काढता येत नाही. माझ्या डोळ्यांतलं पाणी मात्र तिने पाहिलं होतं. नाच थांबवून आली आणि विचारलं, "आई, काय झालं?"

गेल्या आठवड्यात मला पुन्हा सर्दी झाली. तसाच घसा, तीच खालची पट्टी. दिवा मालवून मी सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीला नकळत थांबले, अडीच वर्षांपूर्वीचा तो ओठ आठवून. अंधारात ती माझ्याकडे वळली.

"आज गाणं खाली बसलंय," ती म्हणाली.

"मग उद्या म्हणू?"

"नको. म्हण. मी पण खाली येते."

आणि तिने आपला बारीक आवाज जमेल तितका खाली आणला, पुरता आला नाही, आणि माझ्याबरोबर सातव्या अक्षरावर थांबली.